पडद्यावरचे आंबे आणि गोठ्यातली धार

अर्धांगवायू झालेला माणूस रुग्णालयातून घरी आला की पंधरा दिवसांच्या आत त्याच्याकडे दोन गोष्टी हमखास पोचतात. एक कुणीतरी खात्रीचं म्हणून सांगितलेलं मालिशचं तेल आणि दुसरा स्पंजचा पिवळा बॉल. तेलाने फारसं बिघडत नाही. कबुतराचं रक्त चोळून आलेली माणसंही मी पाहिली आहेत. त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नसतो, घाबरलेलं घर मिळेल तो उपाय करतं. पण बॉलबद्दल मला दर वेळी बसून समजावून सांगावं लागतं. झटक्यानंतर हात आधी लुळा पडतो. मग पुष्कळांचा हात काही आठवड्यांत आखडायला लागतो, आणि आखडताना मूठ मिटणारे, कोपर दुमडणारे स्नायू वरचढ होतात. मनगट खाली वाकतं, अंगठा मुठीत कोंडला जातो. अशा हाताकडून दिवसभर बॉल दाबून घेणं म्हणजे जे जास्त झालंय तेच आणखी वाढवणं. त्याला सराव हवा असतो तो मूठ उघडण्याचा, आणि बहुतेकांच्या बाबतीत तेच सगळ्यांत उशिरा येतं.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या पुनर्वसन विभागात काम करते. पक्षाघाताच्या रुग्णांमध्ये खांद्यापासून बोटांपर्यंतचा हात हा माझा रोजचा विषय. नातेवाईक विचारतात, ‘मॅडम, चालायला लागले की हो, मग हातच का येत नाही?’ प्रश्न रास्त आहे. पाय थोडा ताठ राहिला, ओढत टाकावा लागला, तरी माणूस चालू शकतो. शिवाय चालताना दोन्ही पाय लागतातच, त्यामुळे दुबळ्या पायाला सुट्टी मिळत नाही. हाताचं तसं नाही. एक हात गेला तर दुसरा सगळं ओढून नेतो. चहाचा कप, शर्टाचं बटण, मोबाइल सगळं एका हाताने होऊ लागतं. दुबळ्या हाताने दोनचारदा प्रयत्न केला, जमलं नाही, कप सांडला, की मेंदू धडा घेतो आणि तो हात कामातून वगळतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी माकडांवरच्या प्रयोगांतून हे दाखवून दिलं. त्यातूनच चांगला हात मोज्यात बांधून ठेवायचा आणि दुबळ्याला राबवायचं, अशी उपचारपद्धती निघाली. तिची मोठी चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली, २२२ रुग्णांवरची, आणि निकाल चांगला होता. पण त्या पद्धतीसाठी हातात थोडी तरी उघडझाप शिल्लक असावी लागते आणि रोज कित्येक तास देणारा थेरपिस्ट असावा लागतो. आमच्याकडे बाहेरच्या बाकड्यावर रांग असते.

मला जास्त अस्वस्थ केलं ते दुसऱ्या एका आकड्याने. २००९ मध्ये कॅथरिन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या सात पुनर्वसन केंद्रांत प्रत्यक्ष बसून मोजदाद केली, की उपचाराच्या एका सत्रात रुग्ण हाताने कामाच्या हालचाली किती वेळा करतो. सरासरी आली ३२. बत्तीस! रँडॉल्फ नुडो यांनी १९९६ मध्ये मेंदूला इजा झालेल्या माकडांना छोट्या खळग्यातून खाऊचे दाणे काढायला लावले होते. त्या सरावाने मेंदूतला हाताचा प्रदेश आक्रसायचा थांबला, आणि काहींमध्ये तर तो शेजारच्या कोपर-खांद्याच्या भागात पसरला. अशा प्रयोगांत प्राणी दिवसाला शेकड्यांनी हालचाली करतात. आम्ही माणसांना तीसेक देतो आणि हात येत नाही म्हणतो. आमच्या विभागात तर अर्ध्या तासातली दहा मिनिटं व्हीलचेअरवरून खुर्चीवर घेण्यात आणि आखडलेला हात ताणून सैल करण्यात जातात. उरलेल्या वेळात प्लॅस्टिकचे कोन इकडून उचलून तिकडे ठेवायचे, पावडर टाकलेल्या फळीवर हात पुढे-मागे सरकवायचा. पंधराव्या कोनानंतर माणसाचं लक्ष खिडकीबाहेर जातं. मी तरी त्यांना काय सांगणार? जन्मभर संसार ओढलेल्या माणसाला लाल कोनावर पिवळा कोन ठेवण्यात काय रस वाटावा?

म्हणून पडद्यावरचे खेळ आमच्याकडे आले तेव्हा मी ते दोन्ही हातांनी घेतले. पहिला कॅमेरा खेळण्यातलाच होता. निन्टेंडोने २००६ मध्ये ‘वी’ आणलं, मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये ‘किनेक्ट’. दोन्ही मुलांनी घरात उड्या मारत खेळावं म्हणून बनवलेली यंत्रं, आणि जगभरच्या थेरपिस्टांनी ती उचलून विभागात आणली. एका देणगीदाराच्या मुलाने वापरून बाजूला ठेवलेलं किनेक्ट आमच्या वाट्याला आलं. बाजारातले खेळ आमच्या रुग्णांसाठी फार वेगवान होते; चेंडू यायचा आणि जायचा, काकांचा हात अजून मांडीवरच. मग अभियांत्रिकीच्या काही विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून आमच्यासाठी साधे खेळ लिहून दिले. पडद्यावर आंब्याचं झाड. रुग्ण समोर खुर्चीत बसतो, त्याचा हात पडद्यावर दिसतो, तो लांबवून आंब्यापर्यंत न्यायचा, क्षणभर थांबायचं, आंबा हाताला लागतो, मग तो खालच्या टोपलीत सोडायचा. आंबा किती उंच, किती लांब, किती वेळ थांबणार, हे सगळं आम्हाला ठरवता येतं. दहातले सातआठ आंबे मिळावेत एवढंच अवघड ठेवायचं. सगळे मिळाले तर कंटाळा, अर्धे हुकले तर रडू.

किनेक्टचा कॅमेरा अवरक्त किरणं सोडून समोरच्या वस्तू किती अंतरावर आहेत ते ताडतो आणि त्यावरून माणसाचे सांधे कुठे असावेत याचा अंदाज बांधतो. अंदाजच तो. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं की पडद्यावरचा हात थरथरायला लागायचा. आम्ही जाड पडदा शिवून घेतला. साडीचा पदर हाताबरोबर फुलला की कॅमेऱ्याला कोपर सापडायचं नाही. पदर खोचून सेफ्टीपिन लावणं हा आमच्या तयारीचा भाग झाला. मागे उभं राहून काळजीने बघणाऱ्या लेकीलाच कधीकधी तो रुग्ण समजायचा. तिने कपाळावरचे केस मागे सारले आणि आंबा टोपलीत पडला, असंही झालं. आता नातेवाइकांची खुर्ची भिंतीकडे, कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर असते.

पण हात चालले. कोन ठेवताना विसाव्या वेळी थकणारी माणसं अर्ध्या तासात शंभरावर आंबे काढू लागली. मला यातली संख्या जितकी महत्त्वाची वाटते तितकीच आणखी एक गोष्ट. रुग्णाला ‘कोपर सरळ करा’ म्हटलं की तो डोळे कोपरावर रोवतो, श्वास रोखतो, खांदा कानाला लावतो आणि सगळा हात आणखी आवळून बसतो. त्यालाच ‘तो आंबा काढा’ म्हटलं की नजर हातावरून उठून आंब्यावर जाते आणि कोपर आपसूक थोडं जास्त उघडतं. हे मी इतक्यांदा पाहिलंय, की आता मी सूचना देतानाही शरीराच्या भागांची नावं टाळते.

एक निवृत्त मुख्याध्यापिका बाई आमच्याकडे येत. उजव्या मेंदूत रक्तस्राव झालेला, डावा हात आणि पाय गेलेला, आणि त्याबरोबर डावी बाजूच जाणिवेतून पुसली गेलेली. नजर शाबूत, तरी ताटातली डावीकडची भाजी तशीच राहायची. डाव्या बाजूने मुलगा बोलला की त्या उजवीकडे वळून उत्तर द्यायच्या. ‘बाई, डावा हात कुठाय?’ विचारलं की हसून म्हणत, ‘असेल की, कुठं जाणार?’ अशा रुग्णाला हाताचा व्यायाम देणं फार कठीण, कारण ज्या हाताला व्यायाम द्यायचा तो त्यांच्या लेखी नसतोच. त्यांच्यासाठी आम्ही झाडावर पक्षी बसवले. सुरुवातीला सगळे उजवीकडे आणि मध्यावर. हात लागला की पक्षी उडायचा आणि थोडा डावीकडे जाऊन बसायचा. पक्ष्यामागे बाईंची नजर सरकायची. रोज तो एखादी फांदी पलीकडे न्यायचा. एके दिवशी डाव्या टोकाच्या पक्ष्याला त्यांनी उजव्या हाताने आधार देत डावा हात नेऊन उडवलं आणि लगेच म्हणाल्या, ‘अजून एक राहिलाय का हो तिकडं?’ ‘तिकडं’ काही असू शकतं अशी शंका त्यांना पहिल्यांदा आली होती. मी त्या दिवशी त्यांच्या मुलाला सांगितलं, आजपासून चहाचा कप डावीकडे ठेवायचा आणि बाईंनी शोधेपर्यंत गप्प बसायचं.

कॅमेरा काय पाहू शकत नाही, हेही याच खोलीत रोज दिसतं. एक रिक्षाचालक काका होते. उमदा माणूस, जिद्दी. आंबे भराभर काढायचे, रोज आकडा वाढायचा, बायकोला फोन करून सांगायचे. पण त्यांच्याकडे बाजूने पाहिलं तर कोपर होतं तिथेच होतं. ते कमरेतून सगळं धड पुढे झोकून देत होते, आणि खांदा वर उचलून हात आंब्यावर टाकत होते. कॅमेऱ्याच्या हिशेबाने पंजा आंब्याला लागला, आंबा मिळाला. मेंदू तर फार हुशार असतो. जे काम ज्या वाटेने लवकर होतं ती वाट तो पक्की करतो, मग ती वाट पुढे जाऊन खांदा दुखवणारी का असेना. माँट्रियलच्या मिंडी लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर पुष्कळ काम केलं आहे. धड खुर्चीला बांधून सराव दिला तर कोपर जास्त उघडतं, हे त्यांनी दाखवलं. आम्हीही काकांच्या छातीवरून रुंद पट्टा खुर्चीच्या पाठीला बांधला. आंबे एकदम निम्म्यावर आले. काका हिरमुसले. ‘मॅडम, काल बरा होतो की मी. आज उलटं झालं.’

त्यांना आकड्यांपासून सोडवणं सोपं नव्हतं. आम्ही पडद्यावरची गुणसंख्या झाकली आणि त्या जागी कोपराचा कोन मोठ्या अक्षरात दाखवायला लावला. विद्यार्थ्यांनी नंतर खेळातच बदल केला: धड ठरावीक मर्यादेपुढे झुकलं की आंबा हाताला लागतच नाही. तरी खांद्यावर माझा हात असावा लागतोच. पक्षाघातात खांद्याचा सांधा सैल होऊन खाली उतरतो, त्याला उंच आंब्याच्या मागे पळवलं तर दुखणं सुरू होतं, आणि एकदा खांदा दुखायला लागला की रुग्ण तो हात हलवूच देत नाही. म्हणून खेळ चालू असताना मी पडद्याकडे क्वचितच पाहते. माझी खुर्ची रुग्णाच्या बाजूला, थोडी मागे असते. विभागात नव्याने आलेल्या मुली पडद्यासमोर उभ्या राहून टाळ्या वाजवतात. त्यांना मी पहिली गोष्ट सांगते ती बसायच्या जागेची.

आता संशोधन काय म्हणतं ते सांगायला हवं, कारण यंत्र विकायला येणारे ते सांगत नाहीत. टोरांटोचे गुस्तावो सॅपोस्निक यांनी कॅनडा, अर्जेंटिना, पेरू आणि थायलंडमध्ये मिळून १४१ रुग्णांवर चाचणी केली. ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला अर्ध्या रुग्णांना ‘वी’वरचे खेळ आणि उरलेल्यांना साधी करमणूक: पत्ते, डॉमिनो, लाकडी ठोकळ्यांचा मनोरा. दोन आठवड्यांत तासातासाची दहा सत्रं. दोन्ही गटांचे हात सुधारले, आणि सारखेच सुधारले. पुढच्याच वर्षी नॉर्वे, डेन्मार्क आणि बेल्जियममधल्या १२० रुग्णांच्या चाचणीतही तेच दिसलं. पडद्यावरचा सराव आणि तेवढाच वेळ दिलेला नेहमीचा उपचार यांत फरक नाही. २०१७ मध्ये कॉक्रेन संस्थेने ७२ चाचण्या एकत्र तपासल्या. नेहमीच्या उपचाराऐवजी खेळ दिले तर हाताला जास्त फायदा होत नाही, पण नेहमीच्या उपचारात त्यांची भर घातली, म्हणजे एकूण सरावाचा वेळ वाढला, तर होतो, असं त्यातून निघालं.

हे निष्कर्ष वाचून आमच्यातले काही निराश झाले. मला त्यात आधार दिसला. पत्ते पिसणारा हात आणि आंबे काढणारा हात सारखेच सुधारत असतील, तर कामाला येतो तो मन लावून, पुन्हा पुन्हा केलेला सराव, आणि तो ज्या साधनाने होईल ते साधन योग्य. ज्या तालुक्याच्या गावी कॅमेरा नाही तिथल्या थेरपिस्टने कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही. तिच्याकडे पत्त्यांचा जोड असेल, कॅरम असेल, निवडायचे तांदूळ असतील. आणि ज्या विभागात कॅमेरा आहे त्याने थेरपिस्ट कमी करून पडदे वाढवले, तर त्याच्या हाती काही लागणार नाही. एका बड्या खासगी रुग्णालयात मी हे होताना पाहिलंय. काचेच्या खोलीत लाखोंचं यंत्र, समोर रुग्ण, आणि दाराशी एक मदतनीस मोबाइल बघत बसलेला. रुग्ण धड झोकून गुण मिळवत होता.

सातारा जिल्ह्यातला एक शेतकरी, वय पंचेचाळिशीचं, आमच्याकडे झटक्यानंतर तिसऱ्या महिन्यात आला. उजवा हात. दोन म्हशी, थोडा ऊस. आंब्यांच्या झाडावर त्याने छान काम केलं. खांदा, कोपर, दोन्ही पुष्कळ सुटले. बोटंही अर्धी उघडू लागली, पण घरी तो हात मांडीवरच. बायको म्हणायची, ‘राहू द्या, मी करते,’ आणि ती मायेनेच म्हणायची. एकदा खेळ संपल्यावर त्याने मला सरळ विचारलं, ‘मॅडम, हे आंबं काढून काय करू? मला धार काढता आली पायजे.’

आमचा व्यवसाय उभा राहिला तो याच प्रश्नावर. कमलाबाई निंबकरांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं, आशियातलं पहिलं. माणसाला त्याच्या कामातून बरं करायचं, हे सूत्र घेऊन. मी शिकत असताना विभागात हातमाग होता, सुतारकामाचं बाक होतं. नंतर ते अडगळीत गेले.

मी त्याला म्हटलं, मला धार काढून दाखवा, डाव्या हाताने, हवेत. त्याने दाखवलं आणि मी लिहून घेतलं. उकिडवं बसणं, बादली गुडघ्यांमध्ये, कोपर अर्धं दुमडलेलं, मनगट सरळ. अंगठा आणि तर्जनीने सड वरून बंद करायचा, म्हणजे दूध मागे फिरत नाही. मग मधलं बोट, मग अनामिका, मग करंगळी, अशी वरून खाली क्रमाने दाब. आणि मग पूर्ण सोडायचं, नाहीतर सड पुन्हा भरत नाही. आम्ही तपासणीचा रबरी हातमोजा पाण्याने भरला, तोंड घट्ट बांधलं, एका बोटाच्या टोकाला सुईने बारीक भोक पाडलं, आणि हात टांगायच्या लोखंडी चौकटीला तो मोजा अडकवला. खाली स्टीलचं पातेलं. पहिल्या दिवशी त्याची मूठ एकदम आवळली आणि तशीच राहिली. पाण्याची एक चिळकांडी उडाली आणि बंद.

आमच्या एका इंटर्नने तेव्हा नेमकं विचारलं, की मॅडम, बॉल दाबू नका म्हणता, आणि हे काय वेगळं आहे? वेगळं आहे ते सोडण्यात. बॉल दाबताना सोडणं कुणी मोजत नाही, बॉल स्वतःच फुगून बोटं मागे ढकलतो. इथे बोटं सुटली नाहीत तर पुढची धारच येत नाही. त्याला दाबायचं कसं ते शिकवावं लागलं नाही. सगळा वेळ सोडण्यावर गेला. मनगट वर उचलून धरायला आधी पट्टी दिली, मग काढली. सोडताना मोठ्याने ‘सोड’ म्हणायचा. पाण्याचा आवाज पातेल्यात नीट पडू लागला तसं आजूबाजूचे रुग्ण आपापला व्यायाम थांबवून बघू लागले. एका आजींनी तर त्याचं बसणं चुकतंय म्हणून सुनावलं, आणि त्यांचं बरोबर होतं.

खेळ आम्ही बंद केला नाही. आधी पंधरा-वीस मिनिटं आंबे, खांदा-कोपर मोकळं करायला, आणि मग लगेच पाण्याचा मोजा. हा क्रम मी आता बहुतेकांना लावते. पडद्यानंतर ताबडतोब खरी वस्तू, त्याच हालचालीची, रुग्णाच्या घरातली. कॅमेऱ्याला बोटं नीट दिसत नाहीत, त्यामुळे पंजाचं काम तसंही वस्तूंवरच होतं. बोटं आणि मनगटासाठी आयआयटी मद्रास आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने मिळून ‘प्लूटो’ नावाचं छोटं यंत्र बनवलं आहे. अशी आपल्याकडची, आपल्याला परवडतील अशी साधनं जिल्ह्याजिल्ह्यांत पोचावीत असं मला मनापासून वाटतं. डोक्यावर चढवायच्या व्हीआर चष्म्यांबद्दल मी तितकी उत्साही नाही. तरुण रुग्णांना ते आवडतात, पण मानेची पट्टी, आधीचा चष्मा, गरगरणं, यांतच वेळ जातो. शिवाय ज्याला आधीच तोल सांभाळता येत नाही त्याचे डोळे झाकायला मी कचरते. हात हलताना ‘दिसण्याचा’ उपयोग मेंदूला होतो हे खरं. पण त्यासाठी व्ही. एस. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये पक्षाघाताच्या रुग्णांसाठी साधा आरसा वापरून दाखवला होता. चांगला हात आरशासमोर हलवायचा, आरशात दुबळा हात हलल्यासारखा दिसतो. तो आरसा आमच्याकडे रोज वापरात आहे.

खरी अडचण अंतराची आहे. साताऱ्याहून पुण्याला येण्यात माणसाचा अख्खा दिवस जातो, सोबत येणाऱ्याचा रोज बुडतो. हाताला सगळ्यांत जास्त उभारी येते ती पहिल्या काही महिन्यांत, आणि नेमकं तेव्हाच घर दवाखान्याच्या बिलांतून सावरत असतं. २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि आमचा विभाग बंद झाला. तेव्हा आम्ही व्हिडिओ कॉलवर काम करायला शिकलो. डब्यांच्या चळतीला टेकवलेला फोन, नातवाने धरलेला पट्टा, मध्येच गेलेलं नेटवर्क. तरी हात चालू राहिले. त्याआधी वर्षभर अमेरिकेत स्टीव्हन क्रेमर आणि सहकाऱ्यांची चाचणी प्रसिद्ध झाली होती. १२४ रुग्ण, अर्धे केंद्रात येणारे, अर्धे घरीच पडद्यासमोर खेळांतून व्यायाम करणारे आणि निम्म्या सत्रांत थेरपिस्टशी दूरवरून जोडलेले. सत्तर मिनिटांची ३६ सत्रं. दोन्हीकडे हाताची सुधारणा जवळपास सारखी झाली. मला पडद्याचा सगळ्यांत मोठा उपयोग इथे दिसतो. शहरातल्या काचेच्या खोलीपेक्षा तो कोरेगावच्या, मंगळवेढ्याच्या घरात जास्त गरजेचा आहे. अट एकच, दुसऱ्या टोकाला हालचाल ओळखणारं माणूस बसलेलं हवं.

तो शेतकरी आता एका म्हशीची धार काढतो. डावा हात पुढे असतो, उजवा मागे पडतो, आणि थकला की बायको उरलेलं काढते. दुसरी म्हैस लाथाळ आहे, तिच्याजवळ जायला मी मनाई केली आहे. उजव्या हाताने तो ताट धरतो, रिकामी बादली उचलतो, पण सही अजून जमत नाही. खरं तर त्याच्या हाताच्या हालचालीच्या फुगल-मायर तपासणीचे गुण (६६ पैकी मोजतात) खेळांच्या काळात जास्त वाढले, मोज्याच्या काळात थोडेच वाढले. पण घरी हात मांडीवरून उठला तो मोज्यानंतर.

यंदा रुग्णालयाने मागणीपत्र मागवलं तेव्हा व्यवस्थापनाने आपणहून विचारलं, दुसरा, नवा कॅमेरा हवा का? मी वेगळी यादी दिली. कमी-जास्त उंचीचं टेबल, कारण व्हीलचेअर नेहमीच्या टेबलाखाली जात नाही. गावाकडच्या रुग्णांशी फोनवर सत्र घेण्यासाठी आणखी एक पूर्णवेळ थेरपिस्ट. अडगळीतला हातमाग दुरुस्त करून घ्यायला सुतार. आणि एक कपाट, ज्यात पोळपाट, कुलपं, बटणं लावलेले शर्ट, गजऱ्याचा दोरा, पान्हे, खुरपं हे सगळं पडद्याच्या शेजारीच ठेवता येईल. टेबल आणि कपाट मंजूर झालं आहे. थेरपिस्टच्या जागेसाठी मी पुन्हा अर्ज करणार आहे.